हक्कसोड

आमच्या घरात ‘कृपा’ हा शब्द दिवसातून दहा वेळा निघायचा. पाऊस पडला, कृपा. म्हैस नीट व्याली, कृपा. पोरगं तापातून उठलं, कृपा. गावातली मंडळी म्हणतातच की, माढेश्वरीची कृपा, पांडुरंगाची कृपा. आम्ही ख्रिस्ती, म्हणून प्रभूची कृपा म्हणायचो, एवढाच फरक. शब्द तोंडात असा बसलेला की त्याचा अर्थ विचारायची कधी गरजच वाटली नाही. तो मला कळला पन्नाशी उलटल्यावर, आणि कुठल्या प्रवचनात नाही. भर उन्हाळ्यात, कोरड्या विहिरीजवळच्या लिंबाखाली, आक्कानं फडक्यात बांधून आणलेली भाकरी समोर असताना कळला.

तिथपर्यंत यायला जरा लांबून यावं लागेल.

माझा आजा बार्शी लाईट रेल्वेत गँगमन होता. १८९७ साली ही अडीच फुटी रुळांची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला धावायला लागली, तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. १९०६ साली ती पंढरपूरपर्यंत गेली आणि वारीचे वारकरी तिच्या टपावर बसून जायला लागले. आजा रुळाखालची खडी सारखी करायचा. सोलापूरकडं अमेरिकन मिशनचं काम होतं, त्यातल्या एका मास्तरानं आज्याला कंदिलापाशी बसवून अक्षरओळख करून दिली आणि आजा त्या वाटेनं गेला. गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाला कुणी आपल्या शेजारी बसवून पाटीवर हात धरून लिहायला शिकवतं, हीच त्याला मोठी गोष्ट वाटली असणार. बाकीचं शास्त्र नंतर.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, तेही रेल्वेतच लागले. पगारातून पैपैसा राखून त्यांनी नऊ एकर माळ घेतला, तोही तीन तुकड्यांत, तीन वेळा. माळ म्हणजे नुसता मुरूम. उजनीचं धरण आमच्याच तालुक्यात, १९८० साली ते पुरं झालं, पण त्याचं पाणी आमच्या माळाला नाही. त्याच्याआधी तर सगळंच आभाळावर. कुसळं आणि होले, एवढंच पीक. नऊ एकर नऊ एकर म्हणून दादा सांगायचे, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटायचं केवढी बागायत.

मग १९७२ आलं. आमच्या वयाच्या माणसाला त्या सालाचं वेगळं सांगावं लागत नाही. मी बारा वर्षांचा होतो. आक्का सतराची. धाकटा अजून कडेवर. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला अख्खं गाव बसलेलं, पाटील-कुलकर्ण्यांच्या बायकासुद्धा डोक्यावरनं पदर घेऊन तिथंच. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी. आक्काची शाळा चौथीतच सुटली होती. ती दिवसभर खडी फोडायची आणि दिवस मावळायला आला की आमच्या माळावर यायची. दादांनी त्याच साली विहीर काढायला घेतली होती. लोक म्हणायचे, गावच्या विहिरी आटल्यात आणि ह्याला नवी सुचतीया. दादा म्हणायचे, दुष्काळात जिथं पाणी लागंल तिथं ते कायमचं राहील. आक्का त्या विहिरीतल्या दगडाच्या टोपल्या वर ओढायची. दिवसा रस्त्याची खडी, संध्याकाळी घरची. बेचाळीस फुटांवर पाणी लागलं तेव्हा तिच्या तळहातांना कातडं नव्हतं. आईनं खोबरेल तेल लावून फडकी बांधली होती. ती फडकी मला आजही दिसतात, कारण त्याच हातानं तिनं मला कंपासपेटी दिली होती. मी पाचवीतून सहावीत गेलो होतो. पेटी तिच्या मजुरीची. मी तिला विचारलंसुद्धा नाही, तुझी मजुरी कशापायी मोडलीस म्हणून. पेटीवरच्या चित्राकडंच बघत बसलो.

१९७४ साली आक्काचं लगीन झालं. सीनेच्या पलीकडं, परांडा तालुक्यात दिली. मी दहावी झालो, पुढं काही शिकलो नाही, माळ कसायला लागलो. विहिरीवर आधी मोट, मग इंजिन, मग मोटार. खालच्या दोन एकरांत ज्वारी अशी यायची की माणूस उभा राहिला तर दिसायचा नाही. मोहोळच्या केंद्रातून निघालेली मालदांडी पेरायचो. पाण्याची एकच पाळी दिली तरी भरायची. पंढरपूरला जाणारे थांबून बघायचे.

दादा १९९८ ला गेले. आणि आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला पंचवीस वर्षं लागली.

वारसाची नोंद करायची होती. आई, मी, आक्का आणि धाकटा. धाकटा तोवर पिंपरीला कंपनीत लागला होता. आम्ही दोघं भाऊ माढ्याला एका स्टॅम्पवाल्याकडं गेलो. तो जाणता माणूस होता, वकिलांच्यात बसून बसून त्याला सगळे कायदे पाठ. त्यानं आमचं नाव-गाव विचारलं, ख्रिस्ती म्हणाल्यावर चष्मा वर केला आणि म्हणाला, “तुमचं निराळं असतं. तुमाला १९२५ चा वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र न्हाय ना केलेलं? मग बायकोला तिसरा हिस्सा आन् राहिलेल्यात पोरं-पोरी सारख्या.” त्यानं कागदावर गणित मांडून दाखवलं. नऊ एकर. आईला तीन. राहिले सहा. आम्हा तिघांना दोन-दोन. गणित इतकं सरळ बसलं की त्याला पेन्सिल घासावी लागली नाही.

मला त्या दिवशी पहिल्यांदाच ते कळलं. गावातल्या हिंदू घरांत मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क आपल्या राज्यात १९९४ साली मिळाला, देशभर २००५ साली. त्यावरून पारावर केवढे वाद झाले, ते मी ऐकले होते. आणि आमच्यात तो हक्क त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे माझ्या बापाच्या लहानपणापासून कायद्यात लिहून ठेवलेला. पण एकाही ख्रिस्ती घरात पोरीनं जमीन घेतलेली मी पाहिली नव्हती. माहेर बंद व्हायचं असेल तर हिस्सा मागायचा, ही रीत सगळ्यांची एकच. देव बदलला तरी बांध बदलत नाहीत. पुढं कधीतरी पेपरात वाचलं, केरळात मेरी रॉय नावाच्या ख्रिस्ती बाई ह्याच हक्कासाठी सख्ख्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली जिंकल्या. तिथं जुन्या संस्थानी कायद्यानं मुलीला मुलाच्या मानानं अगदीच थोडं मिळायचं, ते त्यांनी मोडलं. मी ते वाचून पेपर घडी घालून ठेवला. बायकोला दाखवला नाही.

स्टॅम्पवाल्यानं पुढं विचारलं, “बहिणीचं हक्कसोड करून घेणार का?” धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “घेणार.”

आक्काला निरोप धाडला, नावं लावायची आहेत, सहीला ये. एवढाच निरोप. हिस्सा आहे, तो सोडायचा आहे, ह्यातलं एक अक्षर नाही. मे महिना, १९९९. ती एस. टी.नं आली, पिशवीत आंबे घेऊन. आई पण होती. कचेरीत बाकावर आम्ही चौघं बसलो. साहेबानं वाचून दाखवलं, ते वाचणं म्हणजे जातं फिरवल्यासारखं, कुणाला काय कळणार. शेवटी त्यानं मान वर करून विचारलं, “बाई, स्वखुशीनं सोडताय ना? कुणाची जबरदस्ती न्हाय ना?” आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं. ती म्हणाली, “न्हाय जी, स्वखुशीनंच.” आणि सही केली. चौथी शिकलेली, पण सही सुरेख. आईनं पदर तोंडाला लावला होता, तो तिनं घरी येईपर्यंत काढला नाही.

मी आक्काला एक साडी घेतली आणि हातावर पाचशे एक रुपये ठेवले. नंतर एस. टी.त बसवून दिली. परत येताना धाकटा म्हणाला, “सुटलो.” मला पण तसंच वाटलं.

त्याच रविवारी कुर्डुवाडीला उपासना होती, रेल्वे कॉलनीतल्या एकाच्या घरी आमची चार-सहा घरं जमायची. प्रार्थना चालवायची पाळी माझी. प्रभूची प्रार्थना सगळ्या ख्रिस्ती लोकांना पाठ असते, पण मराठीत तिच्यात एक शब्द आहे तो मला आम्हा शेतकऱ्यांसाठीच घातलाय असं वाटतं. पापाच्या जागी तिथं ‘ऋण’ म्हटलंय. आम्ही दुसऱ्याचं ऋण सोडतो तसं आमचं सोड, असं देवाजवळ मागणं. त्या रविवारी मी ते मोठ्या आवाजात म्हणालो. कागद सोडवून घेऊन तीन दिवस झाले होते. जीभ अडखळली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण लोक म्हणतात मन खातं. माझं खाल्लं नाही. सात-आठ वर्षं तरी नाही. पिकं चांगली आली, घराला स्लॅब पडला, पोरीचं लगीन झालं. आई २००६ ला गेली, तेव्हा आक्का येऊन पंधरा दिवस राहिली, सगळं केलं, गेली. नाताळाला करंज्यांचा डबा यायचाच तिचा. दिवाळीला शेजारचे फराळ द्यायचे, नाताळात आम्ही त्यांना, आणि आक्काच्या करंज्या सगळ्या आळीत वाटल्या जायच्या, कारण तिच्या करंजीला कड मोडत नाही.

मग डाळिंबाचं डोक्यात घेतलं. भगवा लावला, सहाशे झाडं, सोसायटीचं कर्ज आणि वर एकाचे हातउसने. दोन बहार बरे गेले. तिसऱ्याला तेल्या आला. ज्यानं तेल्या बघितलाय त्याला कळंल, फळावर तेलकट डाग, मग ते मधोमध तडकतं, आणि तोडून पुरण्याशिवाय काही उरत नाही. त्यात २०१२-१३ चा दुष्काळ. विहीर, ती बाहत्तरची, तिनं पहिल्यांदा तळ दाखवला. दादांचं म्हणणं खोटं ठरलं. टँकर विकत घेऊन झाडं जगवली, एक महिना, दोन महिने. गुरं चारा छावणीत. बायकोनं मणी-डोरलं सोडून सगळं मोडलं. धाकट्याला पिंपरीला फोन केला, तो म्हणाला, माझेच हप्ते चालू आहेत दादा. खोटं बोलत नव्हता तो. पण ते ऐकून मी त्याच्यावर इतका भडकलो की चार महिने फोन केला नाही. माझं मोजमाप बघा.

एप्रिलमध्ये एक दिवस आक्का आली. सांगून नाही आली. मी विहिरीच्या थारोळ्यावर बसलो होतो, लिंबाची सावली तेवढीच. ती पायवाटेनं चालत येताना दिसली, डोक्यावर पदर, हातात गाठोडं. बसली. पाणी पिली. गाठोडं सोडलं, त्यात भाकरी, पिठलं, कांदा. भाकरीच्या खाली फडक्यात पैसे. बेचाळीस हजार.

“कुठनं आणलंस?”

“म्हशी इकल्या. वैरण कुठं हाय? उभ्या मेल्या असत्या.”

दोन्ही म्हशी, पडत्या भावात. दूध घालून ती घर चालवायची, मेव्हणे तेव्हा अंथरुणाला होते. मी त्या पैशांकडं बघत राहिलो. आणि तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक, रडू नाही आलं, राग आला. तिचाच राग. हिनं असं वागायचं कारण काय? मी म्हणालो, “आक्का, तुला एक सांगायचंय. त्या कागदावर सही घेतली न्हाय का, तवा तुझा दोन एकर हिस्सा हुता. कायद्यानं. मला ठावं हुतं. म्या सांगितलं न्हाय.”

ती कांदा फोडत होती. बुक्कीनं फोडला, अर्धा माझ्यापुढं ठेवला.

“मला बी ठावं हुतं,” ती म्हणाली. “जेव.”

मी जेवलो नाही लगेच. तुकड्या-तुकड्यानं तिच्याकडून काढून घेतलं. निरोप मिळाला तेव्हाच मेव्हण्यांना संशय आला होता. ते तिला घेऊन परांड्याला वकिलाकडं गेले होते. वकिलानं तेच गणित तिला मांडून दाखवलं होतं, दोन एकर. मेव्हणे म्हणाले, सही करायची नाही. ती म्हणाली, करणार. पंधरा दिवस नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं. सही करून परत गेल्यावर आणखी दोन महिने. पाचशे एक रुपये त्यांनी फेकून दिले, ते तिनं वेचून पोराच्या शाळेला भरले. हे सगळं त्या घरात चाललं होतं, आणि त्याच नाताळाला करंज्यांचा डबा आला होता. कड न मोडलेल्या.

“मग साहेबानं इचारलं तवा माझ्याकडं बघितलंस कशाला?” मी विचारलं.

“सांगतूस का बघत हुते.”

एवढंच बोलली. त्यावर माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

शास्त्रात एका चाकराची गोष्ट आहे. मालकानं त्याचं डोंगराएवढं कर्ज माफ केलं, आणि तो बाहेर येऊन किरकोळ देण्यासाठी दुसऱ्या चाकराचा गळा धरतो. लहानपणापासून ऐकलेली. मला प्रत्येक वेळी तो दुसरा कोणीतरी वाटायचा, गावातला एखादा सावकार वगैरे. त्या दिवशी लिंबाखाली मला धाकट्यावर चार महिने धरलेला अबोला आठवला. संध्याकाळी फोन लावला. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, “तिकडं पाणी येतंय का?”

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईनं सोडलं हे चांगलं झालं. चांगलं झालं नाही. मेरी रॉय बरोबर होत्या. आक्कानं सोडलं म्हणून माझं घेणं बरोबर ठरत नाही. आमच्या मंडळीत मी पुष्कळदा ऐकलंय, क्षमा करा, सहन करा, आणि हे ऐकवलं जातं ते बहुतेक वेळा बायकांना. घेणाऱ्या माणसाला सोडायचा उपदेश कुणी करत नाही. आक्काला कुणी उपदेश केला नव्हता. तिला हिशेब माहीत होता, दोन एकर म्हणजे किती पोती हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, त्या विहिरीतली टोपली तिनं ओढली होती. हे सगळं माहीत असून तिनं सही केली.

मी म्हणालो, विहिरीखालचे दोन एकर तुझ्या नावावर करतो. ती नको म्हणाली. माझ्या नावावर आलं की माझी पोरं इकतील, म्हणाली. त्यांना शेती नगं हाय. धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, झालेला कागद कशाला उकरायचा. मग आमचं असं ठरलं की त्या दोन एकरांत ज्वारीच पेरायची आणि खर्च माझा, पीक तिचं. कागद नाही काही. २०१४ पासून सुगी झाली की पोती तिच्याकडं जातात. डाळिंब काढून टाकलं. ती तेवढी ज्वारी खात नाही, एकटीच आहे आता, मेव्हणे गेले. निम्मी विकते, थोडी आळीतल्या एक-दोन घरांत देते, आणि एक पोतं दरवर्षी परत आमच्याकडं पाठवते. मी परत धाडायला लागलो तर म्हणते, “माझ्या मालाचं म्या काय बी करीन.”

आता घरातलं. कारण असं एकदा लिंबाखाली बसून कळलं म्हणजे माणूस सुधारला, असं काही होत नसतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पोरानं पीककर्जाचे एक लाख साठ हजार मोबाइलवर पत्ते खेळून घालवले. बँकेतनं काढून आणले तेव्हा मला म्हणाला खताला आणलेत, ठिबकला आणलेत. सुनेला कळलं तेव्हा तिनं चूल पेटवली नाही. मी त्याला दारात उभा करून जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नातू खांबाआड उभा राहून ऐकत होता. तीन दिवस मी पोराशी बोललो नाही. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, “आवं, तुमच्या दोन एकराचं किती झालं असतं एवढ्यात?” झालं. सोसायटीत जाऊन मी हप्ते पाडून घेतले, दूध वाढवलं, फेडतोय अजून. पोराला सांगितलं, माफ केलं.

पण माफ करणं म्हणजे त्या दिवसाचं काम नव्हे, हे तेव्हा कळलं. ते रोजचं निघालं. भाकरी खाताना त्याच्या हातात मोबाइल दिसला की माझ्या तोंडात येतंच. तो म्हणाला, टायर बदलायला पाहिजे, की मी म्हणणार, हां, एक लाख साठ हजार असते तर चारी बदलले असते. बायकोनं एकदा मोजलं होतं. “तुम्ही माफ करून सोळा येळा झालं,” म्हणाली. आक्कानं चौदा वर्षांत एकदाही, करंज्यांच्या डब्याबरोबरसुद्धा, एक शब्द पाठवला नव्हता. मला चौदा दिवस जमत नाही.

आमच्या पोरीनं मला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिली. बायको ऐकत बसायची, मी वाचायचो. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. त्या काही काळ पंढरपूरला नातलगांकडं होत्या, म्हणजे आमच्या शेजारीच. चार-पाच वर्षांनी त्या नवऱ्याकडं गेल्या आणि पुढं स्वतःही ख्रिस्ती झाल्या. शाळा नाही शिकलेल्या, घरातच अक्षर शिकलेल्या बाई. टिळक फार मोठा कवी, पण घरात पैसा टिकू द्यायचे नाहीत, राग आला की आला. त्यांनी जे भोगायला लावलं ते बाईंनी एक-एक सांगितलंय, काही झाकलं नाही, आणि तरी वाचणाऱ्याला टिळकांचा राग येत नाही, हसू येतं. बायको ऐकता ऐकता म्हणाली, “हिला सगळं याद हाय, पर उगाळत न्हाय.” मी पुस्तक मिटून ठेवलं. ते माझ्यासाठीच होतं.

सुनेचंही एक सांगतो. ती हिंदू घरातली, पोरानं आवडीनं केलेली. आल्यावर दोन महिन्यांनी तिनं अंगणात डब्यात तुळस लावली. विचारलं नाही कुणाला. मंडळीतल्या एकानं ती बघून मला बाजूला घेतलं. मी घरी येऊन तोंड उघडणार, एवढ्यात बघितलं, तुळशीला पाणी आमची बायको घालत होती. “खोकल्याला हुतीया,” ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. तुळस आता गुडघ्याएवढी आहे. नाताळात सून तिच्या शेजारीच तारा टांगते.

यंदा फाल्गुनात ज्वारीची पोती घेऊन पोरगा आणि मी आक्काकडं गेलो. पोरानं पाठीवरनं पोती उतरवून आत लावली. आक्कानं एका पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर दाणे काढले, हातावर चोळले, फुंकर मारली, एक दाणा दातांखाली धरला.

“यंदा दाणा बारीक हाय,” म्हणाली. “दुसरं पाणी चुकलं तुझं.”

चुकलं होतं. मोटार जळाली होती आठ दिवस. मी सांगायला लागलो तर ऐकूनच घेईना, म्हणाली बाहत्तर साली मोटार नव्हती तरी दाणा भरला हुता. बाहत्तर साली काहीच भरलं नव्हतं, पण तिच्याशी वाद कोण घालणार.

चहा झाला. निघताना तिनं पोराला जवळ बोलावलं आणि कमरेची पिशवी सोडून पाचशेची नोट त्याच्या खिशात घातली. तिला त्याचं सगळं माहीत आहे, सुनेनंच फोनवर सांगितलंय. पोरगं नको आत्या, नको म्हणत माझ्याकडं बघायला लागलं. माझ्या तोंडाशी आलं होतं, आक्का, ह्याच्या हातात पैसं देऊ नगंस. कपात घोटभर चहा उरला होता, तो उचलून पिलो. थंड झाला होता, आणि साखर तिनं नेहमीसारखी जास्तच घातली होती.